थकबाकी फिटली, मग स्कोअर का घसरला?

क्रेडिट कार्डाची मोठी थकबाकी एकरकमी फेडून टाकली आणि आठ-दहा दिवसांनी मोबाइलवर सिबिल स्कोअर पाहिला, तर तो वाढायच्या ऐवजी पंधरा-वीस अंकांनी खाली आलेला. पुष्कळांना हा अनुभव येतो. कुणी पोटाला चिमटा काढून पैसे साठवलेले असतात, कुणी बोनस लावलेला असतो, कुणी मुदत ठेव मोडलेली असते. त्यामुळे तो आकडा जिवाला लागतो. त्यातून काही जण भलताच धडा घेतात. ‘कार्डावर थोडी बाकी ठेवली की स्कोअर चांगला राहतो’ असं कुणीतरी सांगतं आणि ही माणसं पुन्हा किमान रक्कम भरण्याच्या चक्रात अडकतात.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकावीशी वाटते. कार्डाची बाकी फेडणं हा निर्णय बरोबरच असतो. कार्डाच्या थकबाकीवर अनेक बँका महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. इतकं महाग कर्ज स्कोअरच्या चार अंकांसाठी अंगावर बाळगू नये. पण स्कोअर का घसरला, हे मात्र शोधायला हवं. कधी ती घसरण पंधरा दिवसांत आपसूक भरून येते, तर कधी ती एखाद्या खऱ्या दुखण्याची पहिली खूण असते.

भारतात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. सिबिल त्यांतली सगळ्यांत जुनी, २००० साली सुरू झालेली, म्हणून बोलताना आपण सगळ्याच स्कोअरना ‘सिबिल’ म्हणतो. २००५ च्या पत माहिती कंपन्यांच्या कायद्याखाली त्या चालतात आणि रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख ठेवते. बँका, गृहवित्त कंपन्या, सहकारी बँका आपापल्या कर्जदारांची माहिती या चौघींकडे पाठवतात. त्या माहितीवरून एक गणिती सूत्र ३०० ते ९०० मधला आकडा काढतं. पुढच्या काळात या माणसाचा हप्ता चुकण्याची शक्यता किती, याचा तो अंदाज असतो.

या माहितीत काय नसतं, तेही पाहायला हवं. तुमचा पगार स्कोअरच्या गणितात नसतो. बचत खात्यातली शिल्लक नसते, मुदत ठेवी नसतात, सोनं नसतं. ठेव मोडून तुम्ही कार्ड फेडलं, तर तुमच्या दृष्टीने ती मोठी उलथापालथ असते; नोंदीत मात्र फक्त एका खात्याची बाकी कमी झालेली दिसते. तीही दिसायला वेळ लागतो, आणि बहुतेक गोंधळ या वेळेतच होतो.

एक उदाहरण घेऊ. ठाण्यात नोकरी करणाऱ्या एक बाई आहेत असं समजा. त्यांच्याकडे दोन कार्डं. जुनं कार्ड दहा-बारा वर्षांपूर्वीचं, त्याची मर्यादा २ लाख. किराणा, पेट्रोल, विजेचं बिल असा महिन्याचा साधारण ४० हजारांचा खर्च त्यावर होतो आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जातं. नवं कार्ड १ लाख मर्यादेचं. त्यावर ३१ ऑक्टोबरला ६० हजारांची बाकी होती. मग दिवाळीची खरेदी झाली आणि १२ नोव्हेंबरच्या बिलात बाकी ९० हजारांवर गेली. बिल भरायची शेवटची तारीख १ डिसेंबर. बाईंनी मन घट्ट केलं आणि १८ नोव्हेंबरला सगळे ९० हजार भरून टाकले. २८ नोव्हेंबरला त्यांनी स्कोअर पाहिला, तो खाली आलेला होता.

आता तारखा लावून बघा. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने नियम केला की बँकांनी महिन्यातून निदान दोनदा, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची माहिती पत कंपन्यांकडे पाठवायची. त्या तारखेनंतर पाठवायला सात दिवस, आणि आलेली माहिती नोंदवून घ्यायला पत कंपनीला पाच दिवस. हे अंतर आणखी कमी करण्याकडेच रिझर्व्ह बँकेचा कल आहे, त्यामुळे तारखा पुढेमागे होतील, पण कामाची रीत हीच राहील. बाईंच्या बाबतीत १५ नोव्हेंबरची माहिती, म्हणजे ९० हजार बाकी असतानाची, फार तर २२ तारखेला बँकेतून निघाली आणि २७ तारखेपर्यंत रिपोर्टमध्ये चढली. बाईंनी २८ ला जे पाहिलं, ते त्यांनी पैसे भरण्याच्या आधीचं चित्र होतं. त्याआधीच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या नोंदीत बाकी ६० हजार होती. आता ती ९० दिसली. स्कोअर दिवाळीच्या खरेदीमुळे उतरला होता, पैसे भरण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. १८ तारखेला भरलेले पैसे ३० नोव्हेंबरच्या माहितीत येणार, आणि ती रिपोर्टमध्ये दिसायला १२ डिसेंबर उजाडू शकतो.

म्हणून स्कोअरचा आकडा बघून थांबू नये, पूर्ण रिपोर्ट उघडावा. सिबिलच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याचा एक चौकोन असतो. त्यात खातं कधी उघडलं, मर्यादा किती, ‘करंट बॅलन्स’ किती, ‘अमाउंट ओव्हरड्यू’ किती हे दिलेलं असतं. आणि ‘डेट रिपोर्टेड अँड सर्टिफाइड’ या नावाची एक तारीख असते. माझ्या मते या चौकोनातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ती तारीख. ती तुम्ही पैसे भरल्याच्या दिवसाआधीची असेल, तर बाकी सगळे आकडे शिळे आहेत, त्यावर विचार करण्यात वेळ घालवू नका. ती तारीख पुढे सरकली आणि तरीही बाकी जुनीच दिसत असेल, तर मग बँकेला विचारायची वेळ आली.

समजा तारीख नवी आहे, बाकीही शून्य दिसते आहे, तरी स्कोअर घसरला. आता खऱ्या कारणांकडे जाऊ. त्यातलं एक इतकं छुपं आहे की त्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

कार्डावर एकदा बाकी मागे राहिली की व्याजमुक्त मुदत संपते आणि व्याज रोजच्या रोज मोजलं जातं. १२ नोव्हेंबरच्या बिलात १२ तारखेपर्यंतचं व्याज आलेलं होतं. बाईंनी पैसे भरले १८ ला. मधल्या सहा दिवसांचं ९० हजारांवरचं व्याज कुठे गेलं? ते कुठेच गेलेलं नाही. वर्षाला ४२ टक्के धरले तर दिवसाला १०३ रुपये ५६ पैसे, सहा दिवसांचे ६२१ रुपये, त्यावर जीएसटी ११२ रुपये. १२ डिसेंबरला नवं बिल निघालं, ७३३ रुपयांचं. बाईंना वाटत होतं की हे कार्ड आता संपलं. त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं होतं. बँकेचे मेसेज रोज दहा येतात, त्यांत हा एक वाचायचा राहिला. १ जानेवारीची तारीख टळली. पंधरवड्यानंतर बँकेतून फोन आला, तेव्हा संभाषण साधारण असं होतं:

“मॅडम, तुमच्या कार्डावर बाकी दाखवतेय.”

“अहो, असं कसं? बिलावर होते तेवढे सगळे भरलेत मी. पावती आहे माझ्याकडे.”

“हो मॅडम, पण ते बिल बारा तारखेचं होतं. तुम्ही अठराला भरलेत. मधल्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं.”

“मग अठरालाच का नाही सांगितलं?”

या शेवटच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नाही, आणि बाईंचा राग रास्त आहे. पण नोंद झालेली असते. रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली छत्तीस महिन्यांची घरं असतात. वेळेवर भरलेल्या महिन्याच्या घरात ‘०००’ असतं. उशीर झाला की तिथे थकलेल्या दिवसांची संख्या येते. १५ जानेवारीच्या माहितीत बाईंच्या जानेवारीच्या घरात ‘०१४’ आलं. घरात रक्कम लिहिलेली नसते, फक्त दिवस असतात. ९० हजार थकवणाऱ्याचे चौदा दिवस आणि ७३३ रुपये राहून गेलेल्या बाईंचे चौदा दिवस त्या घरात सारखेच दिसतात. वेळेवर परतफेड हा स्कोअरमधला सगळ्यांत वजनदार भाग, आणि आतापर्यंत स्वच्छ असलेल्या खात्यावर पहिला डाग पडला की घसरण मोठी असते.

इथे रिझर्व्ह बँकेचे काही नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच बँकेला खातं थकीत म्हणून कळवता येतं किंवा विलंब शुल्क लावता येतं. थकीत म्हणून नोंद करण्याआधी कार्डधारकाला कळवणंही बंधनकारक आहे. त्यामुळे तीन दिवसांच्या आत लक्षात आलं तर निभावतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे मोठी बाकी फेडताना ग्राहक सेवेला फोन करून ‘आज खातं पूर्ण शून्यावर आणायचं तर किती भरू?’ असं विचारायचं, आणि पुढची दोन बिलं येईपर्यंत ऑटोपे चालू ठेवायचं. तेही ‘किमान रक्कम’ वर नाही, ‘पूर्ण रक्कम’ वर. ही एवढी काळजी घेतली तर या कारणाने होणारी सगळी हानी टळते.

दुसरं कारण मर्यादेच्या वापराचं. मिळालेल्या मर्यादेतला किती भाग तुम्ही वापरता, हे सूत्र बघतं. ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात. तो ढोबळ अंदाज आहे, २९ ला चांगला आणि ३१ ला वाईट अशी कुठलीही सीमारेषा तिथे नसते. बाईंच्या दोन्ही कार्डांची मिळून मर्यादा ३ लाख. पैसे भरण्याआधी वापर १ लाख ३० हजार, म्हणजे ४३ टक्के. भरल्यानंतर फक्त जुन्या कार्डावरचा ४० हजारांचा घरखर्च उरला, म्हणजे १३ टक्के. स्कोअर वर जायला इतकी सुधारणा पुरेशी आहे.

पण आता बाईंच्या मनात आलं की दोन कार्डं कशाला हवीत? जुन्याला वार्षिक शुल्क आहे, नव्याला नाही. त्यांनी जुनं कार्ड बंद करून टाकलं आणि घरखर्च नव्यावर आणला. आता मर्यादा १ लाख, वापर ४० हजार. म्हणजे ४० टक्के. ९० हजार फेडूनही हा आकडा जवळजवळ होता तिथेच परत आला. शिवाय सगळ्यांत जुनं खातं बंद झालं, ते वेगळंच. त्याचा वेळेवर भरण्याचा इतिहास लगेच पुसला जात नाही, तो रिपोर्टमध्ये दिसत राहतो, पण चालू खात्यांचं वय कमी होतं.

कार्ड बंदच करू नये असं माझं म्हणणं नाही. हातात कार्ड असलं की खर्च आवरत नाही हे ज्याला स्वतःबद्दल माहीत आहे, त्याने कार्ड बंद करावं आणि स्कोअरची घसरण खुशाल सोसावी. ती वर्षभरात भरून येते. चाळीस टक्के व्याजाचं कर्ज पुन्हा उभं राहिलं तर ते भरून यायला कितीतरी जास्त काळ लागतो. बंद करायचं ठरवलंच तर अर्ज लेखी करा. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. फक्त गृहकर्जाचा अर्ज करायचा असेल तर कर्ज मंजूर होईपर्यंत थांबा.

मर्यादा तुमच्या हातून न जाता बँकेच्या हातूनही जाते. एखाद्याने मोठी बाकी फेडली की बँक कधी कधी त्याची मर्यादाच कमी करते. तसं कळवणं बँकेवर बंधनकारक आहे, पण तो मेसेजही वाचायचा राहतोच. वर्षाहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बँक आधी सूचना देऊन बंद करू शकते; तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर कार्ड बंद होतं. कपाटात ठेवलेल्या कार्डावर दोन-तीन महिन्यांतून एकदा पाचशे रुपयांचं पेट्रोल भरलं आणि बिल पूर्ण भरलं, की खातं जिवंत राहतं.

हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचाही इथेच उल्लेख करायला हवा. ६० हजारांचा फ्रिज कार्डावर बारा हप्त्यांत घेतला, तर साधारणपणे न फिटलेली सगळी मुद्दल मर्यादेत अडकलेली राहते. या महिन्याचा हप्ता भरून बिल शून्य झालं, तरी नोंदीत बाकी ५५ हजार असू शकते.

बरेच जण कार्ड फेडतात ते वैयक्तिक कर्ज काढून. हिशेबाने हे योग्य आहे, कारण वैयक्तिक कर्जाचं व्याज कार्डाच्या व्याजापेक्षा बरंच कमी असतं. पण नोंदीत एकाच वेळी तीन गोष्टी होतात. अर्ज केल्याबरोबर बँक तुमचा रिपोर्ट मागवते, त्याची ‘एन्क्वायरी’ म्हणून नोंद होते. नवं कर्ज खातं उघडतं. आणि कार्डाची बाकी उतरते. पहिल्या दोन गोष्टी स्कोअरला थोडं खाली ओढतात आणि त्या आधी दिसतात. तिसरी वर नेते, पण ती पुढच्या पंधरवड्याच्या माहितीत येते. मधल्या दिवसांत स्कोअर पडलेला दिसतो. इथे थांबून राहणं पुरतं. जी चूक टाळायला हवी ती वेगळी आहे: एका ठिकाणी दर जास्त वाटला म्हणून एकाच आठवड्यात पाच ॲपवर अर्ज टाकणं. रिपोर्टच्या शेवटी एन्क्वायरीची यादी असते, त्यात तारीख, संस्थेचं नाव, रक्कम सगळं येतं. एका आठवड्यात पाच ओळी दिसल्या की समोरच्याला वाटतं, हा माणूस पैशासाठी वणवण करतो आहे. तुम्ही स्वतः आपला रिपोर्ट बघता तेव्हा मात्र स्कोअरवर काही परिणाम होत नाही, रोज बघितला तरी.

आता सगळ्यांत जास्त नुकसान करणारी गोष्ट. कित्येक महिने थकलेल्या कार्डाच्या वसुलीचा फोन येतो: ‘९० हजार आहेत ना, ४० भरा, सेटलमेंट करून देतो, विषय संपेल.’ माणूस उसनेपासने करून ४० हजार भरतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. पण बँकेने ५० हजार सोडून दिलेले असतात आणि नोंदीत त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. बँकेने आधीच ती रक्कम बुडीत धरली असेल तर ‘पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड’. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असतं. पुढे कर्ज देणाऱ्याला या दोन शब्दांत फार मोठा फरक दिसतो: एकाने घेतलेले पैसे परत दिले, दुसऱ्याने अर्धेच दिले. पत कंपन्या अशा नोंदी निदान सात वर्षं तरी ठेवतात. ज्याच्याकडे खरोखरच दुसरा मार्ग नाही, नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे, त्याच्यासाठी सेटलमेंट हा सुटकेचा रस्ता असतो आणि तो घेण्यात लाज वाटायचं कारण नाही. पण जो आणखी सहा महिन्यांत पूर्ण फेडू शकतो, त्याने फोनवरच्या माणसाच्या घाईला बळी पडू नये. पैसे भरण्याआधी कागद मागा. त्यावर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवणार की ‘सेटल्ड’, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. आधी झालेली सेटलमेंट मिटवायची असेल, तर सोडलेली रक्कम भरल्यावर नोंद बदलून मिळेल असं बँकेकडून लेखी घ्या आणि मगच पैसे द्या. नंतर ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घेऊन जपून ठेवा.

महाराष्ट्रात एक कारण असं आहे की ज्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. आपल्याकडे जामीन राहण्याची फार जुनी रीत आहे. सहकारी बँकेच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात, आणि मामेभावासाठी, ऑफिसमधल्या सहकाऱ्यासाठी आपण ‘नाही’ म्हणत नाही. सही करून विसरून जातो. ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये ‘गॅरंटर’ म्हणून दिसतं. मामेभावाचे हप्ते नेमके त्याच महिन्यांत थकले ज्या महिन्यांत तुम्ही कार्ड फेडलं, तर तुमचा स्कोअर त्याच्यामुळे पडतो आणि तुम्ही आपल्या कार्डाची बिलं पुन्हा पुन्हा तपासत बसता. रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्यासमोर मालकीचा प्रकार लिहिलेला असतो: स्वतःचं, संयुक्त, जामीनदार. ती ओळ प्रत्येक खात्याची वाचावी.

तसंच नावांचं. लग्नानंतर आडनाव बदलतं, काही घरांत अजून नावही बदलतात. जुनं कार्ड माहेरच्या नावावर, नवं कर्ज सासरच्या नावावर, आणि एखाद्या जुन्या खात्याला पॅन जोडलेलाच नाही, अशा वेळी एकाच बाईची नोंद दोन ठिकाणी विभागली जाते. मग चांगल्या इतिहासाचं जुनं खातं एका ठिकाणी आणि आत्ताचं कर्ज दुसऱ्या ठिकाणी राहतं. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या बँकांमध्ये केवायसी नव्याने करून एकच नाव, एकच पॅन आणि एकच मोबाइल नंबर करून घेणं.

आणखी एक गैरसमज पटकन दूर होण्यासारखा आहे. गेल्या महिन्यात तुम्ही एका ॲपवर ७७२ पाहिला आणि आज बँकेच्या ॲपवर ७४५, म्हणून स्कोअर घसरला असं होत नाही. पहिलं ॲप एका पत कंपनीचा आकडा दाखवत असेल, दुसरं दुसऱ्या. चौघींची सूत्रं वेगळी, त्यांच्याकडे माहिती पोचायची वेळही थोडी मागेपुढे. तुलना करायची ती एकाच कंपनीच्या दोन रिपोर्टची. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यासाठी कुणा एजंटला पैसे द्यायची गरज नाही. ‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांना तर मुळीच देऊ नका. रिपोर्टमधली खरी नोंद कुणालाही पैशाने पुसता येत नाही.

हे सगळं तपासूनही नोंद चुकीची निघाली, म्हणजे भरलेली बाकी थकीत दिसते आहे, बंद केलेलं कार्ड चालू दिसतं आहे, किंवा कधीच न घेतलेलं कर्ज तुमच्या नावावर आहे, तर तक्रार करायचा रस्ता सरळ आहे. पत कंपनीच्या संकेतस्थळावर नेमकं ते खातं आणि नेमकी ती नोंद निवडून ‘डिस्प्यूट’ नोंदवायचा, आणि बँकेलाही त्याच दिवशी ईमेल करायचा. दोन्हीकडे कळवावं लागतं, कारण पत कंपनी स्वतःहून आकडा बदलू शकत नाही. ती बँकेला विचारते आणि बँकेने दुरुस्ती पाठवल्यावरच बदल होतो. भरल्याची पावती, बिल आणि असेल तर ‘नो ड्यूज’ सोबत जोडा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तक्रारीपासून तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा २०२३ सालचा आदेश आहे. त्यात बँकेला दुरुस्ती पाठवायला पहिले एकवीस दिवस दिले आहेत. उशीर त्यापुढे झाला तर दोष बँकेचा, आणि बँकेने वेळेत पाठवूनही नोंद बदलली नसेल तर पत कंपनीचा. म्हणूनच बँकेला केलेल्या ईमेलची तारीख महत्त्वाची. तीस दिवस उलटूनही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून पत कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत.

बाईंच्या ‘०१४’ चं काय झालं असतं? ती नोंद खरी आहे, त्यामुळे डिस्प्यूट टिकणार नाही. पण थकीत नोंद करण्याआधी बँकेने कळवलं होतं का, हे त्या विचारू शकतात. बँकेने कळवलंच नसेल, तर त्या नियमाचा आधार घेऊन नोंद मागे घ्यायची लेखी मागणी करता येते. बँकेने नकार दिला तरी फेब्रुवारीच्या घरात पुन्हा ‘०००’ येईल, मार्चच्या घरातही येईल. गृहकर्जाचा अर्ज करायचाच असेल तर त्यांनी निदान सहा महिने स्वच्छ जाऊ द्यावेत. अनेक सरकारी बँका गृहकर्जाचा दर स्कोअरच्या टप्प्यांवर ठरवतात, आणि वीस वर्षांच्या कर्जात पाव टक्क्याचा फरकही लाखाच्या घरात जातो. अर्जाच्या वेळी ७३३ रुपयांची बँकेची पावती आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार सोबत न्यावा. शाखेतला कर्ज अधिकारी रिपोर्टमधली ती एक नोंद बघून विचारणारच, आणि त्याला दाखवायला कागद हाताशी असलेला बरा.